रंगीत स्लाइड घरी धुवायची नसते म्हणे!

४ बाय ५ इंची शीट फिल्मचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "कृष्णधवल कर रे घरी, पण स्लाइड? छे छे, ते लॅबचं काम!" हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ई-६ ची एक बाटलीसुद्धा कधी उघडलेली नसते, हा भाग वेगळा. मला हा सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक वाटतो. का ते सांगतो.

आधी भीती कशाची ते बघू. ई-६ मध्ये पहिला डेव्हलपर फिल्मवर साधी कृष्णधवल निगेटिव्ह प्रतिमा तयार करतो. मग उरलेल्या, प्रकाश न लागलेल्या चांदीच्या क्षारांना रिव्हर्सल बाथ 'उजेड लागल्यासारखं' करतो. कलर डेव्हलपर ते क्षार काळे करता करता रंग तयार करतो. शेवटी ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात, राहतो तो फक्त रंग. झालं! यात जादू कुठेच नाही. खरा नाजूक टप्पा एकच, पहिला डेव्हलपर. मूळ प्रक्रियेत ३८ अंश सेल्सिअसला ६ मिनिटं, आणि तापमानात सूट जेमतेम पाव अंशाच्या आसपास. वेळ वाढली की स्लाइड फिकी, कमी झाली की काळपट.

"बघ, पाव अंश! घरी कसं जमणार?" अहो, बादलीतलं पाणी एका तापमानाला धरून ठेवणारी सू-वीदची कांडी आता स्वयंपाकासाठी मिळते. बाटल्या त्या बादलीत तासभर आधी ठेवा, ड्रमसुद्धा कोमट पाण्याने आधी गरम करून घ्या, विश्वासाचा थर्मामीटर वापरा. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात कृष्णधवलच जास्त अवघड! गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या वर, आणि कृष्णधवलला लागतं २०. मग बर्फाचे खडे टाकत बसा. पाणी ७-८ अंश तापवणं सोपं की १०-१२ अंश गार करणं? पण 'घरी कर' हा सल्ला कशाला मिळतो, तर कृष्णधवलला.

दुसरा मुद्दा: "लॅबमध्ये दर्जा सांभाळला जातो." हो, जिथे रोज भरपूर फिल्म येते तिथे. ई-६ ची रसायनं वापरात राहिली, नियमित ताजी होत राहिली तरच ताळ्यावर राहतात. महिन्यात चार शीट येणाऱ्या ठिकाणी काय होत असेल याची कल्पना करा. घरी मी एक्स्पोज केलेल्या शीट डब्यात साठवतो, १ लिटरचं किट ताजं कालवतो आणि एका शनिवार-रविवारात सगळ्या उरकतो. शिवाय शीट रोलसारखी नसते. एक शीट धुवून बघायची, वाळल्यावर तपासायची, पहिल्या डेव्हलपरची वेळ गरज असेल तर बदलायची, मग पुढची. एका वेळी एकच गोष्ट बदला, नोंद ठेवा... आमच्या धंद्यात यालाच डीबगिंग म्हणतात :-) अंधार लागतो तो फक्त ड्रममध्ये शीट भरताना. उभ्या शीटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात खाचा लागल्या म्हणजे इमल्शनची बाजू तुमच्याकडे.

आता घातक का म्हणालो ते. कोडाक्रोम आठवतं? १९३५ ची फिल्म. तिचे रंग फिल्ममध्ये नव्हतेच, ते धुण्याच्या रसायनांतून यायचे, त्यामुळे ते काम घरी जवळजवळ अशक्य. कोडॅकने २००९ मध्ये ती बंद केली. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची शेवटची लॅब २०१० च्या अखेरीपर्यंतच रोल घेत होती. ज्यांचे रोल राहिले, त्यांना आता त्यांतून फार तर कृष्णधवल चित्र मिळेल. फ्रीजमध्ये फिल्म असून उपयोग शून्य!

ई-६ चं तसं नाही. रंग घडवणारे घटक फिल्ममध्येच आहेत, म्हणून बादली आणि थर्मामीटर असलेला कोणीही ती धुवू शकतो. एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाली, २०१८ मध्ये परत आली, पुढच्या वर्षी तिच्या शीटही जाहीर झाल्या. पण धुणारे हातच उरले नाहीत तर विकत कोण घेणार? 'लॅबचं काम' म्हणत आपणच या फिल्मला कोडाक्रोमच्या वाटेला लावतोय.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. ही रसायनं खेळणी नाहीत. कलर डेव्हलपरने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे हवेतच, खिडकी उघडी हवी, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरायचं नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत ओतायचा नाही, कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यायचा. एवढी शिस्त जमणार नसेल तर खरंच लॅबमध्ये द्या. पण मग कारण 'शिस्त नाही' असं सांगा, 'घरी होत नाही' असं नको!

असो. लाइटबॉक्सवर आपल्या हाताने धुतलेली ४ बाय ५ ची स्लाइड एकदा ठेवून बघा, मग बोलू.