डुलती खुर्ची

थिओडोर ड्रायझर ह्या अमेरिकन लेखकाच्या ‘सिस्टर कॅरी’ (१९००) ह्या कादंबरींत अठरा वर्षांची कॅरी कामाच्या शोधार्थ शिकागोस येते व तेथील झगमगाटास भुलते. अशा नायिकेस शेवटीं शासन होणार, ही वाचकाची अटकळ. परंतु न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिला कीर्ति, द्रव्य, सारें लाभतें. ज्याच्या ऐटीवर ती भाळली, तो हर्स्टवुड त्याच शहरीं भिकेस लागून आत्मघात करतो. तिला वार्ताहि नसते. ती डुलत्या खुर्चींत असमाधानीच! खुर्ची सारखी हलते, पण जागची सरकत नाहीं. खरा उपरोध हाच. असलें पुस्तक मुलींच्या हातीं द्यावें काय? अवश्य द्यावें, मात्र वडिलांनींहि वाचावें. हर्स्टवुड कांहीं अजाण मुलगी नव्हता.