लाल लेंडीची वाट पाहायला काय हरकत आहे?

उंदराला रात्रभर उपाशी ठेवायचे. सकाळी बोथट टोकाच्या सुईने, डिंकाच्या पाण्यात कालवलेली कोळशाची पूड थेट त्याच्या जठरात सोडायची. वीस-तीस मिनिटांनी त्याला मारायचे, लहान आतडे अलगद सोडवून पट्टीशेजारी सरळ मांडायचे आणि काळा रंग कुठवर पोचला ते मोजून टक्केवारी काढायची. जुलाबावरच्या वनस्पतींचे अर्क तपासताना औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही ही चाचणी सर्रास केली जाते. खर्च कमी आणि आकडा लगेच हाती येतो. पण एक जीव गेला की एकच आकडा मिळतो, आणि तोही कोळशाच्या सर्वांत पुढच्या टोकाचा. बाकीचा कोळसा मागे कुठे रेंगाळला, हे त्यातून कळत नाही.

दुसरी वाट आहे. कार्मिन हा लाल रंग घट्टसर द्रावणातून पाजायचा, उंदराला पिंजऱ्यात सोडायचे आणि पहिली लाल लेंडी कधी पडते ते पाहायचे. निरोगी उंदरात ती बहुधा काही तासांतच पडते. उंदीर जिवंत राहतो. काही दिवसांनी त्यालाच औषध देऊन पुन्हा वेळ मोजता येते. तुलना त्याची त्याच्याशीच होत असल्याने प्राण्याप्राण्यांतला फरक आड येत नाही आणि कमी उंदरांत भागते. प्रश्न मोठ्या आतड्यापुरताच असेल, तर तीन मिलिमीटरचा काचेचा मणी गुदद्वारातून दोन सेंटिमीटर आत सरकवतात आणि तो बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजतात.

कार्मिनने सगळेच कळत नाही, हे खरे. प्रवास लांबला हे समजते, पण अडथळा नेमका कुठे आला ते समजत नाही. त्यासाठी डेक्स्ट्रान नावाचे चमकणारे द्रव्य पाजून आतड्याचे तुकडे एकेक तपासावे लागतात. तिथे प्राणी मारण्याला कारण तरी असते.

यापेक्षा मोठा घोळ भीतीचा आहे. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1898 मध्ये मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली जठराच्या लाटा पाहिल्या. मांजर बिथरले की लाटा थांबत, शांत झाले की पुन्हा सुरू होत. उंदराचेही तसेच: घाबरला की जठर मंदावते, उलट मोठे आतडे भराभर लेंड्या टाकते. असे असताना निशाचर प्राण्याला भरदिवसा झोपेतून उठवून, शेपटीला धरून उचलून काढलेला आकडा औषधाचा मानायचा की धास्तीचा? लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 मध्येच दाखवले, की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर शेपटीला धरून उचललेल्यांपेक्षा कमी घाबरतात. प्लॅस्टिकच्या नळीला असा किती खर्च येतो?

प्राण्यांना पर्याय शोधा, त्यांची संख्या घटवा, त्यांचा त्रास कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडली. भारतात अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. कोळशाच्या चाचणीचा प्रस्ताव आला की समितीने आधी विचारावे: इथे कार्मिन का चालणार नाही? उत्तर पटले नाही, तर प्रस्ताव परत पाठवावा. आणि प्रयोग कोणत्या वेळी केला, उंदीर कसा उचलला, किती तास उपाशी ठेवला, हे शोधनिबंधात नसेल तर संपादकांनी तो छापू नये.