घरातलेच दोन कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत का नाहीत?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि नारायणगाव-मंचरकडच्या घरांतही विंडोज ११ चे लॅपटॉप येऊ लागले. वडिलांचा विंडोज ७ वाला कॉम्प्युटर मात्र अजून हॉलमध्येच. सातबाराचे स्कॅन, लग्नाचे फोटो, सगळं त्यात.

वायफाय एकच, तरी शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही. मेसेज येतो : तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश बंद. (घरात कुठली आली संस्था?)

कारण असं. विंडोजमध्ये फाइल्स एसएमबी पद्धतीने जातात. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ती आवृत्ती काढायला घेतली. पुढे २०२४ च्या २४एच२ अपडेटने विंडोज ११ प्रोमध्ये बिनपासवर्डचा 'गेस्ट' प्रवेशही बंद केला. आपल्याकडे तर सगळ्यांचं शेअरिंग बिनपासवर्डचंच!

यूट्यूबवाले सांगतात, ही सुरक्षाच बंद करा. तसं करू नका. जुन्या कॉम्प्युटरवर पासवर्डवालं अकाउंट बनवा, फोल्डर त्या अकाउंटला शेअर करा. लॅपटॉपने विचारलं की तेच युजरनेम-पासवर्ड टाका, लॅपटॉपचा पिन नाही. विंडोज ७ ला एसएमबीची दुसरी आवृत्ती येते, त्यामुळे जमतं. एक्सपीला फक्त पहिलीच येते. तिथे पेनड्राइव्हच बरा.

सातबारा ऑनलाइन परत काढता येईल, फोटो नाही. आधी ते कॉपी करा.