खुराड्यात काय अंथरायचं, हे कोण ठरवणार?

परतूर तालुक्यात बचत गटांच्या बायकांबरोबर काम करताना कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणांना मी बऱ्याचदा बसते. खुराड्यात काय अंथरायचं, हे तिथे एका वाक्यात उरकतात: भाताचं तूस, तीन-चार इंच. तूस उत्तमच. हलकं, ओल शोषणारं, लवकर गच्च न बसणारं. पण आमच्याकडे भात कुठे पिकतो? हा कापूस, सोयाबीन, तुरीचा मुलूख. भातगिरण्या भंडारा-गोंदियाकडे. तिथून आलेल्या पोत्याचं गाडीभाडं बाईनं अंडी विकून भरायचं, हा कुठला हिशोब?

शिवारात असेल ते आधी पाहावं, असं माझं मत. सोयाबीनचं भुसकट घरचंच असतं. जाड काड्या वेचून कडक वाळवून घ्यावं. भुईमुगाची टरफलं चालतात, पण ओली राहिली की बुरशी धरतात आणि ती पिल्लांच्या फुप्फुसाला लागते. वखारीतला लाकडाचा भुसा फार बारीक नको, पिल्लं दाणा समजून खातात. गव्हाचं काड बारीक कापूनच घालावं. काहीही घाला, मूठभर उचलून दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली. अशा गादीतून डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो, रक्ती हगवण पसरते. म्हणून ती सारखी खालवर करावी लागते.

आणि हे खालवर कोण करतं? योजनेच्या कागदावर त्या कामाला किंमतच नाही. कंबर तिची वाकते, धूळ तिच्या छातीत जाते. (तोंडाला पदर बांधा, एवढंही प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.) रोज हलवावं लागणारं फुकटचं भुसकट तिला महागच पडतं. एखादीनं तिची मेहनत वाचवायला दोन पोती तूस विकत आणलं, तर त्याला उधळपट्टी म्हणू नये. काय अंथरायचं ते हलवणारीनं ठरवावं.

दुसरी गोष्ट खताची. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, कोंबड्यांच्या वाळल्या गादीत साधारण दोन ते तीन टक्के. म्हणजे 100 किलो गादीत सुमारे पाच किलो युरियाइतकं नत्र. ही गादी मुरवली की शेतात जाते. सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावावर, पिकाची पट्टीही त्याच्याच हातात. अंड्यांचे पैसे तेवढे तिचे, तेही मीठ-मिरचीत आणि मुलांच्या वह्यांत संपतात.

गटाच्या वहीत अंडी आणि कोंबड्यांशेजारी खताचा रकाना आखा, असं मी सुचवते तेव्हा हशा पिकतो. "आता घाणीचाबी हिशोब ठेवायचा का ताई?" एका आजींनी विचारलं. ठेवायचा. शेजारचा शेतकरी तीच घाण पोत्यामागे पैसे मोजून नेतो, तेव्हा कुणी हसत नाही. घरच्या शेतात गेली तरी निदान पोती मोजून लिहा. दर पुढच्या बैठकीत ठरवू.