सापडला तो चोर?

'सापडला तो चोर' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याने थट्टेने उच्चारली असावी. आपण मात्र तिला कायद्याचे कलम करून टाकले आहे.

चकली-अनारशांच्या ताटाशेजारी पोलीसठाण्याचा विषय काढतो, याबद्दल घरातील वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. पण आमच्या अंबड तालुक्यात पोलीस नाहीतर लष्करभरतीसाठी पहाटे धावणारे मुलगे गावोगाव आहेत, आणि अशा मुलाची लेखणी फॉर्मातल्या एका प्रश्नापाशी अडते : 'आपणांस कधी अटक झाली होती काय?' दोषी ठरलात काय, एवढे विचारून भागत नाही. अटक झाली होती काय!

कायदा स्वच्छ आहे. न्यायालयाने दोषी ठरविल्यावाचून कोणी गुन्हेगार होत नाही. अटक ही शिक्षा नव्हे. १९६७ च्या पासपोर्टच्या कायद्याला हे कळते. कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर तो पासपोर्ट अडवू देतो. नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर त्यानंतर पाच वर्षे अडवू देतो. खटल्यातून सुटलेल्या माणसाच्या जुन्या अटकेला त्यात जागा नाही. परदेशी जाणाऱ्यास जो न्याय, तो जालन्याला शिपाई होऊ पाहणाऱ्यास का नसावा?

१ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्या तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणाच्या जागी लाठीमार झाला, आणि आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. आरक्षणाच्या प्रश्नात मी येथे शिरत नाही. ज्याचे त्याचे मत ज्याच्या त्याच्यापाशी. पण गुन्हे मागे घेण्याचे आश्वासन सरकारने दिले, तेव्हा पुष्कळ आईबापांना वाटले की पाटी कोरी झाली. तसे ते नसते. खटला कोर्टात उभा असेल, तर सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायाधीशांची संमती लागते. ती मिळाली की आरोपी सुटतो. पण फॉर्मातला प्रश्न सुटकेचा नसून अटकेचा आहे! उत्तर 'होय' असेच राहते.

आणि 'नाही' लिहिले तर? अवतारसिंग यांच्या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरीच दिली पाहिजे. लपविली तर नोकरी जाऊ शकते. तरुण वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब असेल, तर लपविल्याकडेही वरिष्ठ दुर्लक्ष करू शकतील. मात्र खरे सांगितले आणि खटला संपलेला असला, तरी नेमणूक द्यायलाच हवी असे नाही. वरिष्ठ पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतील. माझे भांडण या 'शकतील'शी आहे. न्यायाधीशाने साक्षीपुरावे पाहून जे ठरविले, ते कचेरीतल्या साहेबाने पुन्हा ठरवावयाचे!

याच मुलुखात निजामाच्या अमदानीत अटक होणे ही अब्रूची गोष्ट होती. स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली, तेव्हा तर तुरुंगवासाचा दाखला शोधीत माणसे हिंडली. सरकार बदलले की त्याच नोंदीचा मान होतो. मग नोंद स्वतः काय सिद्ध करते?

उलट, ज्यांना कधी मान मिळालाच नाही, त्यांची कथा याहून कडू आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो कायदा गेला; तरी गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगायला नको. अटका अशा होत असतील, तर अटकांची यादी कोणाच्या नावांनी भरणार? निव्वळ जातजमात पाहून निरपराधांची नावे गुन्हेगारांच्या पोलीसवहीत घालू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली सांगावे लागले.

आक्षेपक म्हणतील, नोंदी नसतील तर पोलिसांनी तपास कसा करावा? मी नोंद जाळा म्हणत नाही. २०२२ च्या नव्या कायद्याने बोटांचे ठसे आणि छायाचित्रे ७५ वर्षे जपावयाची आहेत. पण पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्यावाचून सुटला किंवा निर्दोष ठरला, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ती नष्ट करावयाची आहेत, न्यायालयाने कारण लिहून वेगळे सांगितले नसेल तर. ठशांना जी माफी, ती नावाला का नाही? अटकेची नोंद जो हात करतो, त्यानेच सुटकेचीही नोंद त्याच ओळीत करावी आणि दाखला घरी पोचवावा. आज ही ये-जा सुटलेल्या माणसालाच करावी लागते. आणि फॉर्मात दोनच प्रश्न असावेत : शिक्षा झाली आहे काय, खटला चालू आहे काय.

तोवर, ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांना एवढेच सांगतो : कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची शिक्क्याची नक्कल आजच काढून ठेवा. फॉर्मात 'होय' लिहा, आणि खाली खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख आणि 'निर्दोष सुटका' हे दोन शब्द, जागा नसली तरी, समासात लिहा.