सही करण्यापूर्वी

‘धंदा बुडाला, तर राहते घर तरी वाचेल काय?’ हा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य बहुधा सही केल्यानंतर विचारतो; आणि तेव्हा उत्तर बदलण्याची सोय उरलेली नसते. मेहुण्याच्या वा मित्राच्या आग्रहाखातर भागीदारीच्या कागदावर नाव घालणे हा आपण स्नेहधर्म समजतो. कायद्याचा हिशेब वेगळा आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यान्वये पेढीच्या व्यवहारात प्रत्येक भागीदार हा पेढीचा मुखत्यार होय आणि पेढीच्या संपूर्ण देण्याला तो एकटाही जबाबदार असतो. रुपयात दोन आण्यांच्या भागीदाराकडून धनको सोळा आणे वसूल करू शकतो. मग त्याने आपल्या सोबत्यांच्या मागे लागावे!

कंपनीची गोष्ट निराळी. ती कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. सॉलोमन नावाच्या लंडनमधील जोडे करणाऱ्या व्यापाऱ्याकडे त्याच्या कंपनीच्या 20,007 भागांपैकी 20,001 भाग होते. तरीही कंपनीचे देणे हे त्याचे देणे नव्हे, असा निर्णय ब्रिटिश उमरावसभेने 1896 साली दिला. ह्या न्यायाला दुसरी बाजूही आहे. चहाच्या कंपन्यांचे साठ टक्के उत्पन्न शेतीचे म्हणून केंद्रीय आयकरातून मुक्त, तर आपल्या लाभांशालाही तीच सूट मिळावी, असा दावा मुंबईतील एका प्रकरणात एका भागधारक बाईंनी केला. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली तो फेटाळला. कंपनीची मालमत्ता कंपनीची. भागधारक तिचा मालक नव्हे.

परंतु हे मर्यादित जबाबदारीचे कवच पुष्कळ संचालक आपल्याच हाताने उतरवून ठेवतात. कर्ज देताना बँक त्यांचे, क्वचित पत्नीचे वा वडिलांचेही, वैयक्तिक जामीनपत्र मागते. करारात अन्यथा ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, असे 1872 चा करार कायदा सांगतो. दिवाळखोर कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली स्पष्ट केले आहे.

आमच्या मते जामीनपत्राचा अर्थ मराठीत समजावून दिल्याखेरीज कोणत्याही बँकेने येथे सही घेऊ नये. भागीदारीच हवी असेल त्यांना 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा मार्ग खुला केला आहे. त्याचा विचार अवश्य व्हावा. आप्तांना नकार देणे अवघड खरे. पण एका सहीपायी त्यांच्याशीच कोर्टात उभे राहणे त्याहून अवघड आहे.