गावाच्या अंदाजपत्रकात गावाला निवड हवी



गावाच्या विकासाचा आराखडा गावानेच करावा, हे तत्त्व आता कोणी अमान्य करीत नाही. परंतु त्या आराखड्यासाठी रक्कम किती मिळावयाची आणि ती कोणत्या बाबीवर खर्ची पडावयाची, याचा निर्णय अद्यापि गावाबाहेरच होतो, आणि ग्रामसभेला निवडीस वावच नसेल तर ते अंदाजपत्रक दप्तरात लावण्याचा एक कागद होऊन बसते, असे ग्रामसेवक म्हणून केलेल्या नोकरीअंती माझे स्पष्ट मत झाले आहे.

चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामीण भागाचे सारे अनुदान ग्रामपंचायतींच्या हवाली केले, तेव्हा ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली शिवारफेऱ्या व महिलासभा झाल्या आणि एरवी मागे बसणारी माणसे बोलू लागली. पंधराव्या आयोगाने मात्र 2021 ते 2026 या काळासाठी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांनाच बांधून दिली. हे विषय गौण नाहीत. पण ज्या गावी नळ घरोघर पोहोचले आहेत आणि ओढा भरला की पलीकडच्या वस्तीवरील मुलांची शाळा बुडते, तेथील बायका महिलासभेत एकमुखाने मोरी मागतात, ठराव होतो, सह्या-अंगठे उमटतात, आणि वर्षअखेरीस बंधित निधी अखर्चित राहू नये म्हणून चांगले गटार उकरून पुन्हा गटारच बांधले जाते. मोरीसाठी मग आमदारांचे दार गाठावे, ग्रामविकासाच्या 2515 या लेखाशीर्षाखाली काही पदरी पडते का पाहावे, किंवा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीच्या यादीत नाव लागण्याची वाट पाहावी. हक्काची वस्तू अशी अर्जविनंतीने मागावी लागते, याचा मला मनापासून विषाद वाटतो.

केरळने 1996 साली लोकनियोजनाची मोहीम हाती घेतली तेव्हा राज्याच्या योजनाखर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्थानिक संस्थांना देण्याचे ठरविले, आणि प्रत्येक पंचायतीच्या वाट्याची रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकाच्या परिशिष्टात छापण्याची प्रथा पाडली. आपल्याकडेही अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय झालेला आहेच. मग उर्वरित महाराष्ट्रातील गावांनी काय अपराध केला?

गावात हिशेब राहणार नाही, पैशाची अफरातफर होईल, असा आक्षेप घेतला जातो. अफरातफर होते, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु ती तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्यांतही होते, आणि तेथे सिमेंटच्या गोण्या मोजणारा, रस्त्याची रुंदी पावलांनी तपासणारा ग्रामस्थ नसतो. तांत्रिक ज्ञानाची उणीव खरी आहे. केरळने ती निवृत्त अभियंत्यांना सोबत घेऊन भरून काढली, आणि तशी माणसे आपल्याही तालुक्यांत पुष्कळ आहेत.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आणून देशात नाव मिळविणाऱ्या या राज्याने येत्या अर्थसंकल्पासोबत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या वाट्याचा अबंधित निधी रकमेनिशी छापावा, आणि ग्रामसभेने मंजूर केलेले काम बदलावयाचे झाल्यास ते पुन्हा ग्रामसभेपुढेच ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामसेवक, सांगली जिल्हा